फुटाला दोन सूत

रोबोट पडला की श्रावस्तीला बरं वाटायचं.

हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं नव्हतंच. पण बाहेरच्या खोलीतून ‘धप्प’ आवाज आला, त्याच्यामागं नणंदेचं ‘शी!’ ऐकू आलं, की गॅसपुढं उभ्या श्रावस्तीच्या पोटात बारीक गारवा उतरायचा. उन्हातून आल्यावर माठातलं पाणी घशाखाली जातं ना, तसा. मग लगेच स्वतःची लाज वाटायची, लाटणं दोनदा जास्तच जोरात फिरायचं, आणि कान पुन्हा बाहेरच्या खोलीकडं लागायचे. पुढचा ‘धप्प’ कधी येतोय म्हणून.

नळदुर्गला हायवेच्या मागच्या अंगाला कोंडिबांचं तीन खोल्यांचं घर. कोंडिबा म्हणजे श्रावस्तीचे सासरे. पस्तीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस, घराची वीट न् वीट त्यांच्या हातची. सासू सुमनबाई अंगणवाडीत मदतनीस. नवरा अमरदीप उमरग्याच्या एका दवाखान्यात, लॅबमध्ये. सकाळच्या गाडीनं जायचा तो दिवेलागण झाल्यावर यायचा. श्रावस्तीच्या कडेवर नऊ महिन्यांचा राजपाल. आणि अमरदीपची धाकटी बहीण संघप्रिया, घरातली संघू, सोलापूरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. रोबोट तिचा.

रोबोट म्हणजे टीव्हीत दाखवतात तसा हातापायांचा नव्हे. खाली एक बास्केटबॉल. बॉलवर तिरपी टेकलेली तीन चाकं, चाकांना तीन मोटारी, आणि वर कोंडिबांच्या सेंट्रिंगच्या प्लायवूडमधून कापलेल्या तीन गोल फळ्या, एकीवर एक. त्यात बॅटरी, वायरी, आणि नखाएवढा एक सेन्सर, आपण किती कललोय ते सांगणारा. बॉल कुठंच बांधलेला नाही. तळहातावर काठी उभी धरायची तर काठी जिकडं कलेल तिकडं हात पळवावा लागतो; तसं हे यंत्र जिकडं कलेल तिकडं त्यानं स्वतःच बॉल पळवायचा आणि पुन्हा आपल्या बुडाखाली आणायचा. सेकंदाला शंभर वेळा. सरांनी संघूला सांगून ठेवलं होतं, वीस तारखेला तुझा रोबोट बॉलवर दोन मिनिटं उभा राहिला तर पास, नाहीतर पुढच्या सत्रात पुन्हा ये.

तो सात सेकंदांच्या वर उभा राहत नव्हता.

“या घरात दोघं उभं ऱ्हायला शिकायलेत,” सुमनबाई शेजारणीला हसून सांगायच्या. “एक माजा नातू, एक संघूचं ते. बगू आता कोन आधी ऱ्हातंय.”

श्रावस्ती पण हसायची. काय करणार?

तिची सगळ्यात जास्त जळजळ व्हायची ती बाहेरच्या खोलीच्या लोटलेल्या दारावर. कॉलेजातून आली की संघू तोंड धुवायची, चहा घ्यायची आणि दार लोटून घ्यायची. झालं. तीन तास. सुमनबाई ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना दटवायच्या, “हळू बोला, संघू बसलीया.” श्रावस्तीला न्हाणीघराचंसुद्धा दार धड लावता येत नव्हतं. लावलं की बाहेरून दोन इवले तळवे त्याच्यावर थापायला लागायचे, आणि ते तळवे इतके गोड होते की राग करायलाही जागा नव्हती. रागाला जागा लागते. ती तिनं संघूच्या दारात शोधली.

श्रावस्ती स्वतः इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेली. धाराशिवला, वर्गात दुसरी. बघायला आले तेव्हाच तिनं मान वर करून सांगितलं होतं, मला डिग्री करायचीय. कोंडिबांनी पाच माणसांत शब्द दिला होता, “आमच्यात शिकनाराला कुनी आडवत न्हाय. शिकवू की.” आणि शब्द खोटा नव्हता. फक्त त्याच वर्षी संघूची अॅडमिशन झाली. अमरदीप म्हणाला, एका घरातून दोघी एकदम कशा? आधी तिचं होऊ दे, ती सुटली की लगेच तू. मग मध्ये राजपाल आला. म्हणजे रांग सरळ होती. संघू जितकी लवकर सुटेल, तितका श्रावस्तीचा नंबर लवकर. आणि तरीसुद्धा तो ‘धप्प’ आला की तिला बरं वाटायचं. जळणाऱ्याला आपलंच छप्पर पेटलेलं दिसत नाही.

रोबोट पडायचा तो दर वेळी एकाच अंगाला. संघूनं तीनपैकी एका मोटारीला लाल टेप लावला होता. पडायचा तो लाल मोटारीच्या बाजूलाच. आधी जरा थरथरायचा, मग त्या बाजूला पळत सुटायचा आणि बॉलवरून घसरून आडवा. जिथं पडेल तिथं संघू फरशीवर खडूनं फुली मारायची. कॉलेजच्या टेबलावर लावून बघितला, तिथंही लाल मोटारीकडंच. तेव्हा तिची खात्रीच पटली.

“मोटारच मुडद्याची,” ती आईला सांगत होती. “ताकद कमी पडतीया तिची.”

“मग बदल की.”

“पुन्यावरनं मागवावी लागती, आई. बाजारात जाऊन वांगी आनायची हायेत का ती?”

* * *

खरं कारण कळलं ते पाण्याच्या दिवशी.

नळाला पाणी आलं की आधी पिण्याचं भरायचं, मग वापरायचं, मग धुणं. आणि धुण्याचं साबणाचं उरलेलं पाणी बाहेरच्या खोलीत ओतून फरशी धुवायची. हे काम लग्न झाल्यापासून श्रावस्तीचं. तिला ते आवडायचंही. शहाबादी फरशी ओली झाली की काळीभोर दिसायची, आणि कोंडिबांच्या फरशीवर पाण्याला ढकलावं लागायचं नाही. ओतलं की आपलं आपण कोपऱ्यातल्या भोकाकडं चालायला लागायचं, शाळा सुटल्यासारखं. कोंडिबांना त्याचा अभिमान. “फुटाला दोन सूत ढाळ दिलाय,” पाहुणा आला की ते चप्पल काढायच्या आत सांगायचे. “माज्या फरशीवर पानी थांबून दावावं.” सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. डोळ्याला दिसत नाही, पायाला कळत नाही. पाण्याला कळतं.

त्या दिवशी राजपाल खांद्यावर झोपला होता. एका हातानं त्याला सावरत दुसऱ्या हातानं तिनं बादली कलती केली. फेस निघाला. संघूनं रोबोट ठेवायला आखलेला खडूचा गोल फेसानं ओलांडला, पहिल्या फुलीवरून गेला, दुसऱ्या, तिसऱ्या, एकामागून एक सगळ्या फुल्यांवरून जसा काही रस्ता ठाऊक असल्यासारखा गेला, आणि कोपऱ्यातल्या भोकात उतरला.

श्रावस्ती खराटा धरून उभीच राहिली.

लाल मोटार नव्हे. फरशी!

संघू रोज यंत्र एका बैठकीवर ठेवायची, बैठक फरशीवर, आणि कॉम्प्युटरला सांगायची की हे बघ, हे सरळ, इथून पुढं यालाच सरळ समज. याला ती शून्य घेणं म्हणायची. बटणांचा बोर्ड दाराजवळ, वायर आखूड. त्यामुळं यंत्र दर वेळी एकाच तोंडानं बसायचं, लाल मोटार कोपऱ्याकडं. आणि फरशी फुटाला दोन सूत कललेली. म्हणजे बिचाऱ्याला सरळ म्हणून शिकवलं होतं तेच वाकडं. ते प्रामाणिकपणानं तेवढं वाकडं होऊन उभं राहायला बघत होतं, आणि पडत होतं. कॉलेजच्या टेबलावरही तेच, कारण चुकीचं शून्य तर घरून बरोबर गेलेलं.

किती अंश होतील, ते तिनं उभ्याउभ्या मनात काढलं. सव्वाला जरा कमी. उत्तर आलं आणि तिच्या अंगावर काटा आला. तीन वर्षांत असं काही डोक्यात हललं नव्हतं. गंजलेलं बिजागर करकरतं आणि मग एकदम सुटतं, तसं झालं. तिनं झोपलेल्या पोराच्या कानाशी तोंड नेलं. “राजू, सापडलं रे,” ती कुजबुजली. “तुझ्या आईला सापडलं.”

संध्याकाळी संघू आली ती दारातच ओरडली.

“वैनी! माज्या फुल्या पुसल्याव तुमी?”

“पाण्याचा दिवस होता.”

“मग? आठ दिवसाचं रीडिंग हुतं ते! जरा इचारायचं तरी. तुमाला काय, घातलं पानी आन फिरवला खराटा!”

सांगायला तोंड उघडलं होतं श्रावस्तीनं. अगदी उघडलं होतं. ते तिनं मिटलं आणि आत जाऊन कुकर लावला.

* * *

एक दिवस न सांगितलेलं दुसऱ्या दिवशी सांगणं अवघड होतं, आणि चौथ्या दिवशी ते आपलंच होऊन जातं. श्रावस्तीनं ते कमरेच्या किल्लीसारखं जवळ ठेवलं. भाजी निवडताना, झोळीची दोरी पायाच्या अंगठ्यात धरून पोराला झोके देताना, ती मधेच त्याला हात लावून बघायची. आहे. माझ्याजवळ आहे. बाहेर ‘धप्प’ झालं की आता गारव्याबरोबर एक खमंग गर्वही यायचा.

रविवारी वैष्णवी आली. ही संघूची प्रोजेक्टमधली जोडीदारीण, अणदूरची. पुण्याहून मागवलेली नवी मोटार घेऊन आली होती. दोघींनी दार लोटलं. आतून खिदळणं, स्क्रूड्रायव्हरचा आवाज, मग पुन्हा खिदळणं. श्रावस्तीनं चुरमुऱ्यांची सुशीला केली, वरून शेंगदाणे जरा जास्तच घातले, आणि ताटल्या घेऊन आत गेली. ताटल्या ठेवल्या तरी ती तिथंच रेंगाळली.

“नवीन मोटारीनं होईल?” तिनं विचारलं.

“व्हायलाच पायजे,” वैष्णवी म्हणाली. मुलगी चांगली होती, मनानं सरळ. तिनं हसून विचारलं, “वहिनी, तुमाला कळतंय का यातलं?”

श्रावस्तीच्या आधी सुमनबाईच दारातून बोलल्या, कौतुकानंच. “कळतंय की! तिनंबी केलंवतं कायतरी कालेजात. ते टाकी भरली की भोंगा वाजतो, ते!”

संघू फस्सकन हसली. हसली म्हणजे काय, तोंडात सुशीला होती, आणि ‘भोंगा’ शब्दच तसा. पण श्रावस्तीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. टाकीतली पातळी बघून आपोआप मोटार बंद करणारं ते सर्किट होतं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी स्वतः उठून बघितलं होतं. रिकाम्या ताटल्या गोळा करून ती दारापर्यंत गेली, तेवढ्यात मागं ‘धप्प’ झालं. नव्या मोटारीसकट. लाल टेपाच्याच बाजूला.

बरं झालं, ती मनात म्हणाली. पड. अजून पड.

* * *

मंगळवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. कोंडिबा कामावर, सुमनबाई अंगणवाडीत. संघू कॉलेजात गेली होती पण लॅपटॉप घरीच ठेवून. चार्जिंगला लावलेला, बाहेरच्या खोलीत. राजपाल झोळीत पेंगुळला. अंगठ्यातली दोरी श्रावस्तीनं हळू सोडली आणि चोरानं शिरावं तशी ती बाहेरच्या खोलीत गेली. स्वतःच्याच घरात. आणि जाताना तिनं दार लोटून घेतलं.

किती बरं वाटलं ते दार लोटताना!

कोंडिबांची जुनी पाणसळ खुंटीला होती, पितळी पट्टीची, काचेत बुडबुडा असलेली. श्रावस्तीनं एक प्लायवूडची फळी फरशीवर टाकली, तिच्या एका कडेखाली राजपालच्या औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा घड्या घालून सरकवला, बुडबुडा बघत अजून एक घडी घातली. बुडबुडा मधोमध आला. त्यावर बैठक, बैठकीवर यंत्र. लॅपटॉपमध्ये संघूचा प्रोग्राम उघडाच होता. त्यातले जुने शून्याचे दोन आकडे तिनं पेनानं तळहातावर उतरवून घेतले. मग नवे घेतले. दोन्हींतला फरक एक पूर्णांक एकोणीस. तिनं मनात काढला होता, त्याच्या इतका जवळ की ती एकटीच हसली.

यंत्र बॉलवर ठेवलं. बटण दाबलं. हात सोडायचा धीर होईना, मग सोडला.

ते थरथरलं. जरासं इकडं गेलं, आलं. जरासं तिकडं गेलं, आलं. आणि उभं राहिलं.

मोटारी बारीक गुणगुणत होत्या. खाली बॉल आपल्या जागीच कणाकणानं हलत होता, झोपलेल्या पोराच्या डोळ्यांच्या पापण्या हलतात तसा. दहा सेकंद. वीस. श्रावस्ती गुडघ्यांवर बसली, श्वास रोखून. तीस. चाळीस. कुणी बघायला नव्हतं आणि कुणी नव्हतं तेच बरं होतं. हे तिचं होतं.

मधल्या खोलीत राजपाल रडायला लागला.

ती उठली नाही. रडू वाढलं, त्यातला तो ‘आं’ लांबत गेला, ज्यानं एरवी तिच्या छातीत दूध दाटून यायचं. आत्ताही आलं. ब्लाउज ओला झाला. तरी ती बसून राहिली, पन्नास, साठ, सत्तर, डोळे त्या हलणाऱ्या बॉलवर. शंभरला तिनं हात घालून यंत्र धरलं, बटण बंद केलं आणि धावली. पोराचं तोंड लालबुंद झालं होतं. “आले, आले रे माझ्या राजा,” ती त्याला छातीशी धरून झुलायला लागली, आणि रडायला लागली ती तीच.

पोरगं दूध प्यायला लागलं. तेव्हा तिला दिसलं, संध्याकाळी काय होणार ते. संघू येईल. बटण दाबेल. यंत्र उभं राहील. संघू किंचाळेल, वैष्णवीला फोन लावेल, आणि म्हणेल, नव्या मोटारीनं झालं! सुमनबाई भाकरतुकडा ओवाळून टाकतील. श्रावस्ती चहा ठेवेल.

तिनं राजपालला कडेवर घेतलं, बाहेरच्या खोलीत गेली, आणि एका हाताच्या एका बोटानं तळहातावरचे जुने, चुकीचे आकडे पुन्हा जसेच्या तसे टाकले. पुठ्ठा काढला, फळी उचलली, पाणसळ खुंटीला लावली. मग मोरीत जाऊन तळहात घासला. शाई लवकर गेली नाही.

* * *

अठरा तारखेच्या संध्याकाळी दार लोटलेलं नव्हतं. संघू फरशीवर फतकल मारून बसली होती, केस कसेतरी गुंडाळलेले, डोळे सुजलेले, हातात स्क्रूड्रायव्हर. यंत्र उलटं करून मांडीवर घेतलं होतं. कोंडिबा नुकतेच कामावरून आले होते, उंबऱ्यावर बसून पायाचं सिमेंट खरवडत होते. सुमनबाई लेकीच्या डोक्यावर तेल घालायला वाटी घेऊन आलेल्या, तिनं त्यांना झिडकारलं.

“काय करायलीस?” श्रावस्तीनं विचारलं. राजपाल तिच्या कडेवर, तिच्या गळ्यातली पोत चघळत होता.

“बॉल काडून टाकायले.” संघूनं वर बघितलं नाही. “चाकं सरळ बसवते फळीला. तीन चाकाची गाडी दावायची, इकडनं तिकडं पळती म्हनून. पास करतेत का बगू. न्हाय केलं तर न्हाय. मला न्हाय हे जमत, वैनी. माज्यात ते न्हायच.”

एक चाक निघालं, फरशीवर टेकलं. दुसऱ्याच्या स्क्रूला तिनं हात घातला.

आता श्रावस्तीला बरं वाटायला हवं होतं. पोटात गारवा उतरायला हवा होता. उतरलं ते काहीतरी भलतंच. कुणीतरी तिचंच काही तिच्या डोळ्यांदेखत मोडत होतं. शंभर सेकंद ते तिच्यासमोर उभं राहिलं होतं; तिनं पोराला रडू दिलं होतं त्याच्यासाठी. आणि आता त्याची गाडी करणार? खेळण्यातली?

“काढू नको चाक.”

“तुमाला काय करायचंय?”

“काढू नको म्हणते ना. उभा राहतो तो.”

“हां, तुमी बगायला गेलता!”

“बघितलाय,” श्रावस्ती म्हणाली. “मंगळवारी. शंभर सेकंद. मी धरला म्हणून. नाहीतर अजून राहिला असता.”

कोंडिबांचं खरवडणं थांबलं.

मग ते सगळं तिनं सांगितलं. पाण्याचा दिवस, फेस, फुल्या, शून्य. बोलताना आवाज कापत होता पण आकडे कापत नव्हते. सांगत सांगत ती त्या वाईट जागेपाशी आली, आणि क्षणभर वाटलं की इथं थांबावं, तेवढं एक गिळावं. पण संघू हुशार होती.

“मंगळवारी नीट केलाव,” संघू हळूच म्हणाली, “तर बुधवारी माज्या हातनं कसा पडला?”

“मी जुने आकडे परत टाकले.”

“मुद्दाम?”

“मुद्दाम.”

सुमनबाईंच्या हातातल्या वाटीतलं तेल कलायला लागलं होतं, त्यांचं लक्ष नव्हतं.

कोंडिबाच आधी बोलले, आणि बोलले ते भलतंच. “म्हंजे माजी फरशी वाकडी म्हनायचं का तुला, पोरी?”

“नाही मामा. फरशी बरोबर आहे. ढाळ बरोबर फुटाला दोन सूत. शून्य वाकडं घेतलं होतं.”

“मंग ठीकाय,” कोंडिबा म्हणाले आणि पुन्हा पाय खरवडायला लागले. सुमनबाईंनी त्यांच्याकडं असं बघितलं की त्यांनी तेही थांबवलं.

“दहा दिस झालं,” संघू म्हणाली. “दहा दिस मी हितं बसून रडत हुते. आन तुमी आत चपात्या लाटत हुता.”

“हो.”

“का? म्या काय केलंय तुमचं?”

काय सांगणार? दार लोटून घेतेस, हे सांगायचं? “काही नाही केलंस,” श्रावस्ती म्हणाली. “तू बसतेस आणि मी बसू शकत नाही. बघवलं नाही मला.”

संघूचा चेहरा तांबडा झाला. ती ताडकन उठली. श्रावस्तीला वाटलं, आता हात उगारते. पण संघूनं तिच्या कडेवरून राजपालला ओढूनच घेतलं, स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात कोंबला आणि फरशीकडं बोट दाखवलं.

“बसा मग. बसा! करून दावा!”

चाक परत बसवायला श्रावस्तीला पाच मिनिटं लागली. कोंडिबांनी न सांगता पाणसळ काढली, फळी टाकली, आणि पुठ्ठ्याच्या जागी लाकडाची पाचर मारून बुडबुडा असा काही मधोमध आणला की श्रावस्तीला आपल्या घड्यांची लाज वाटली. तिनं शून्य घेतलं. बॉलवर यंत्र ठेवलं. बटण दाबलं, हात सोडले.

ते उभं राहिलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सुमनबाईंनी तोंडावर पदर धरला. संघू राजपालला घेऊन भिंतीला टेकून बघत होती. ओठ घट्ट, डोळ्यांत पाणी. आनंद होता त्यात, नाही असं नाही. पण त्या आनंदाच्या मागं दुसरं काहीतरी हललं, आणि श्रावस्तीनं ते लांबूनच ओळखलं. तीन वर्षं ती त्याच्यासोबत झोपत-उठत होती.

“मला का दिसलं न्हाय?” संघू म्हणाली. “तीन म्हैने हितंच बसते की मी. मला कामून न्हाय दिसलं?”

“तू ही फरशी कधी धुतलीस?”

सुमनबाईंनी लेकीकडं बघितलं, मग सुनेकडं, आणि तेलाची वाटी खाली ठेवली.

“मला तुमचा लई राग आलाय, वैनी,” संघू म्हणाली.

“येऊ दे.”

“परवा सर इचारतील शून्य कसं घेतलं. मी सांगनार, वैनीनं काडलं. आन बिगडवलंवतं ते पन सांगनार.”

“सांग.”

“थट्टा न्हाय करायले मी.”

“मी पण नाही.”

यंत्र गुणगुणत होतं. साठ सेकंद झाले. कोंडिबा आता त्याच्याकडं, दुसऱ्या गवंड्याच्या भिंतीकडं बघावं तसे डोळे बारीक करून बघत होते. तेवढ्यात राजपालला आईची आठवण झाली. त्यानं दोन्ही हात श्रावस्तीकडं पसरले, खालचा ओठ बाहेर काढला आणि सूर लावला.

श्रावस्ती सवयीनं उठायला लागली.

“बसा तुमी!” संघू खेकसली. “आता दोन मिन्टं हुस्तवर हलू नका. किती सेकंद झालं ते बगा. ह्येला मी बगते.” आणि ती पोराला घेऊन तरातरा अंगणात गेली.

श्रावस्ती बसली. सत्तर. ऐंशी. अंगणातलं रडू चढलं, तिच्या छातीत दूध दाटलं, तिनं दात आवळले. नव्वद. बाहेर संघूचा आवाज, अजून रागानंच भरलेला, पण आता लाडात ओढून आणलेला. “त्यो बग ट्रक! केवडा हाय? पों पों करतोय का? कर म्हनावं. तुजी आई लई वंगाळ हाय, म्हाइताय का तुला? लई वंगाळ!” शंभर. एकशे दहा. रडू अडखळलं. एक उसासा. मग पुन्हा “पों पों”, आणि राजपाल खदखदून हसला. पोटातून, वर श्वास घेत, जसा तो फक्त तिच्याजवळ हसायचा. निदान तिला तसं वाटत आलं होतं.

एकशे वीस. यंत्र दोन मिनिटांच्या पलीकडं गेलं. सुमनबाईंनी हात जोडले. कोंडिबा म्हणाले, “ऱ्हायलं की गं!”

अंगणातून पुन्हा हसू आलं, आधीपेक्षा मोठं. श्रावस्तीला पोटात बारीकसं टोचलं. इतक्या लवकर विसरला? माझ्यावाचून? तिला एकदम वाटलं, उठावं, जाऊन त्याला काढून घ्यावं, तो माझा आहे म्हणावं.

ती उठली नाही. तिनं लॅपटॉप जवळ ओढला, पुढचे आकडे वाचायला लागली, आणि एक कान मात्र तिनं अंगणाकडंच ठेवला.